ढोलापुढे चालणारा एडका

पलटणीच्या पुढे ऐटीत चालणारा एडका तुम्ही कधी पाहिलाय का, मुलांनो? फार पूर्वी एका सैनिकी शाळेत तो मान म्हाताऱ्या फत्तेसिंगाचा होता. त्याचे गुडघे दुखू लागले, म्हणून कोवळा बंड्या आणला. पण ढोल वाजताच बंड्या पळत सुटला.

“उद्याही बुजला, तर बाजारात परत पाठवू. फत्तेसिंगच चालेल,” हवालदार येसाजी म्हणाले.

फत्तेसिंग मनातून सुखावला. पण शेजारी बंड्या थरथरत होता. “आजोबा, तुम्हाला ढोलाची भीती नाही वाटत?”

फत्तेसिंग त्याच्याजवळ सरकला. मग म्हणाला, “वाटते की! म्हणून तर मी रवंथ करत चालतो. तोंड चालू ठेव वेड्या, पाय आपोआप चालतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बंड्या रवंथ करत पलटणीपुढे चालला, आणि फत्तेसिंग कुंपणाशी निवांत बसून ते बघत होता.