सेल बदला, राज्य राखा

रणधवल महाराजांचं राज्य बुडायला आलं होतं. कडेगिरीचं नव्हे, व्हिडिओगेममधलं. तीन वर्षं खपून महाराजांनी त्यात अठ्ठावन्न किल्ले घेतले होते आणि दोनशे विहिरी खोदल्या होत्या. कडेगिरीत त्याच तीन वर्षांत एकही विहीर खोदली गेली नव्हती, पण ते असो.

गेमच्या कॅसेटमध्ये, सर्किट बोर्डावर, बटणाएवढा सेल असतो. तो जिवंत आहे तोवर खेळ लक्षात राहतो. दरबारचे कारागीर धोंडिबा ओतारी यांनी सेल तपासला आणि खरं ते सांगितलं.

"महाराज, आठवडाभर टिकेल. बदलायचा तर जुना काढावा लागेल, आणि काढला की सगळं पुसलं जाईल."

खरं सांगितल्याबद्दल त्यांच्या दुकानाला सील लागलं. दिवाणजींनी समिती नेमली. समितीने सहा दिवसांत अठ्ठेचाळीस पानांचा अहवाल दिला. निष्कर्ष : सेल लहान आहे.

सातव्या दिवशी धोंडिबांची मुलगी मैना सोल्डरिंगची पेटी घेऊन दरबारात आली. महाराज गादीवर होते. शेजारी राणीसाहेब राज्याच्या कागदांवर सह्या करत होत्या.

"सेल मी बदलते. किल्ले राहिले तर आबांच्या दुकानाचं सील काढायचं!"

"आणि गेले तर?" दिवाणजींनी विचारलं.

"तर या पेटीलाही सील लावा!"

तिने कॅसेट उघडली आणि दोन वायरी जोडलेला नवा सेल काढला.

"अगं, जागा एकच आहे!" दिवाणजी ओरडले. "एका गादीवर दोघे कसे बसणार?"

"गादीवर कशाला? शेजारी बसतील."

कॅसेटला वीज लागू नये म्हणून तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचा प्लग तिने काढला आणि उरलेल्या उष्णतेवर वायरी जोडल्या. अधिकला अधिक, उण्याला उणे. आता कॅसेटला दोन सेल होते. जुन्याचे पाय हटेनात, तेव्हा तिने त्यांवर ताजं सोल्डर सोडलं. त्याच्यासोबत जुनंही वितळलं आणि मरायला टेकलेला सेल चिमट्यात आला.

कॅसेट फुंकून घालायच्या सवयीने महाराज फुंकर मारायला वाकले.

"फुंकायचं नाही, महाराज! आपोआप निवू द्या, नाहीतर सांधा कच्चा राहतो!"

तीन वर्षांत महाराजांना कोणी 'नाही' म्हटलं नव्हतं. ते तोंड मिटून बसले.

गेम सुरू केला. अठ्ठावन्न किल्ले. दोनशे विहिरी.

"पोरी, ही युक्ती शिकलीस कुठे?" महाराज म्हणाले.

"याच दरबारात! महाराज तीन वर्षं खेळतायत, तरी कडेगिरी बंद पडली नाही. राणीसाहेब शेजारी जोडलेल्या आहेत म्हणून!"

राणीसाहेबांची लेखणी थांबली. दिवाणजींनी डोळे मिटले.

"आणि जुन्या सेलचं काय?" महाराजांनी हळूच विचारलं.

"कॅसेटमधला मी काढला. इथला काढायचा की ठेवायचा, ते राणीसाहेब बघतील!"

महाराज इतके हसले की हातातला रिमोट खाली पडला.

"सील काढा! आणि हिला दरबारची कारागीर नेमा!"

हुकूम राणीसाहेबांनी आधीच लिहून ठेवला होता. त्यात एक ओळ जास्त होती : ओतारी आळीत एक विहीर. खरी.