मूळ गावाचा रकाना

"एकदाचं सांगून टाका नं, बाबा. तुमचं मूळ गाव कोणतं?"

श्रीरंग गावंडेनं विचारलं खरं, पण विचारताच त्याची मान खाली गेली. चिंचखेडच्या या मठात बाकी सगळं चालत असे. कुणी उशिरा उठलं तरी चाले, कुणी चार भाकरी जास्त खाल्ल्या तरी चाले. आल्यागेल्याला गाव विचारायचं नाही, एवढा एकच नियम होता. संन्यास घेतलेल्यानं तर आपल्या गावाचं नावही काढायचं नाही, आणि त्या गावाची वेस पुन्हा ओलांडायची नाही.

श्रीरंगनं वीस वर्षांपूर्वी याच ओसरीवर मुरारबाबांकडून उपदेश घेतला होता. नियम त्याला पाठ होता.

पण आता तो नगराध्यक्षपदाला उभा होता, आणि मतदानाला चार दिवस उरले होते.

मुरारबाबा अंबाडीची भाजी निवडत बसले होते. त्यांनी देठ बाजूला टाकला.

"काय अडलं?"

काय अडलं, ते सगळ्या चिंचखेडला ठाऊक होतं. श्रीरंगची अख्खी निवडणूक एकाच गोष्टीवर उभी होती, ती म्हणजे बाहेरचे लोक. गावातल्या डाळमिलांमध्ये बिहार-झारखंडकडची माणसं भरली होती. निवडून आल्यावर आपली पहिली सही बाहेरच्यांच्या रजिस्टरवर होणार, असं त्यानं सभेत सांगून टाकलं होतं. रजिस्टरात नाव नाही त्याला खोली भाड्यानं मिळणार नाही. पंधरा वर्षं काढल्याशिवाय हातगाडीचा परवाना मिळणार नाही. या दोन वाक्यांना एवढ्या टाळ्या पडल्या की, तिसरं काय बोलायचं ते तो विसरला होता.

निवडून येण्याचीही वाट त्यानं पाहिली नाही. मठासमोरच्या मैदानात मांडव टाकला आणि नोंदणी सुरू केली. कार्यकर्ते खोल्याखोल्यांमधून फिरून सांगून आले होते की, ज्याचं नाव नाही त्याचं सामान निकालाच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर येईल. मग कोण येणार नाही? सकाळपासून रांग लागली होती. मिलमध्ये डाळ चाळणाऱ्या बाया, हमाल, पाणीपुरीवाले, सगळे प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन उन्हात उभे होते.

आणि काल रात्रीच्या सभेत विरोधकानं काडी टाकली. गावंडेसाहेबांनी नोंदणी काढली हे फार छान झालं, तो म्हणाला, आता पहिलं नाव त्यांनी आपल्या गुरूचं लिहावं. चाळीस वर्षांपूर्वी हे बाबा झोळी घेऊन कुठून आले, ते कुणाला माहीत आहे का?

लोक पोट धरधरून हसले. सकाळपर्यंत ते हसू गावातल्या प्रत्येक मोबाइलवर जाऊन पोचलं होतं.

"एक वाक्य फक्त," श्रीरंग म्हणाला. "मांडवात या, माइकवर सांगा, मी इथलाच हाये. बस. त्याचं तोंड बंद होते."

"आणि रांगेतल्यांचं?"

"त्याईचं काय?"

बाबा भाजी निवडत राहिले…

श्रीरंगला राग आला. तो काही वाईट माणूस नव्हता, आणि ते त्याला बाबांना समजावून सांगायचं होतं. गावातली पोरं शिकून घरी बसली आहेत, मिलमध्ये गेली तर फाटकावरूनच परत पाठवतात, आणि तिकडून आलेला माणूस निम्म्या मजुरीत दुप्पट वेळ राबतो. हे खोटं आहे का? आपल्या पोरांनी जायचं कुठं?

"खरं आहे," बाबा म्हणाले.

श्रीरंग क्षणभर गडबडला. त्यानं एवढ्या लवकर होकाराची तयारी केली नव्हती.

"मग मिलवाल्यांची यादी कर."

श्रीरंगनं समोरच्या मैदानाकडे पाहिलं. मांडव मिलवाल्यांनीच दिला होता. खुर्च्याही त्यांच्याच होत्या.

"मांडव चांगला आहे," बाबा म्हणाले. "सावली मात्र टेबलावरच पडते."

आता श्रीरंगनं खिशातून कागद काढला. हा कागद काढायची वेळ येऊ नये, असं त्याला मनापासून वाटत होतं. एका शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा तो उतारा होता. त्याच्या माणसांनी सकाळपासून धावपळ करून तो मिळवला होता.

"पळसखेड," तो म्हणाला.

बाबांचा हात भाजीतच थांबला.

पळसखेड म्हणजे नदीच्या पलीकडचं गाव. मठाच्या गच्चीवरून त्याचं देऊळ दिसायचं. मुरारबाबा तालुक्यातल्या गावागावांत जाऊन आले होते, फक्त पळसखेडला कधी गेले नाहीत. दर वर्षी पळसखेडचे लोक बोलवायला येत आणि दर वर्षी बाबा हात जोडून नाही म्हणत. आपल्या गावावर बाबांचा काहीतरी राग आहे, असं पळसखेडकर चाळीस वर्षं धरून चालले होते.

"तुमी इथलेच हा, बाबा. याच तालुक्यातले. तुमची थोरली वहिनी हाये अजून. माणसं फोटो घेऊन गेलते. तिनं या बोटावरून ओयखलं तुमाले."

बाबांच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी होती. लहानपणी कडबा तोडताना गेली होती म्हणे. त्यांनी त्या बोटाकडे असं पाहिलं, जणू ते आजच तुटलं होतं.



"तिला दिसतं का नीट?" बाबांनी विचारलं.

"धूसर दिसते. फोटो डोयाजवळ धरला तिनं. मंग रडली."

बाबांनी कागद हातात घेतला. पोराचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव, गाव. आईच्या नावावरून त्यांनी अंगठा फिरवला. श्रीरंगला वाटलं, झालं, बाबा विरघळले. आता ते उठतील, मांडवात येतील, आणि आपण ही निवडणूक काढून नेतो.

बाबांनी कागदाची घडी घातली आणि त्याच्याच खिशात परत ठेवली.

"जपून ठेव. तुला लागेल."

मग ते उठले. खुंटीवरची झोळी खांद्याला अडकवली, काठी घेतली आणि पायऱ्या उतरू लागले.

श्रीरंग मागे धावला. त्याला वाटलं, बाबा मठ सोडून निघाले. शिष्याच्या अशा वागण्यावर गुरू गाव सोडून जातो, आणि तेही मतदानाच्या चार दिवस आधी. पण मतं नंतर आठवली. आधी त्याला आठवलं ते एवढंच, की वडील वारले तेव्हा तो या ओसरीवर तेरा दिवस बसून होता आणि या माणसानं त्याला एका शब्दानंही काही विचारलं नव्हतं.

"बाबा, चुकलं माह्यं. जाऊ नका…"

बाबा फाटकाबाहेर पडले. रस्ता ओलांडला, मैदानात शिरले, आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

त्यांच्या पुढं बुधनी होती, डाळ चाळणारी. तिचं सगळं अंग डाळीच्या भुकटीनं पिवळं झालं होतं. बाबांना पाहून ती दचकली आणि बाजूला सरकली. तिच्या पुढचेही सरकले. बघता बघता टेबलापर्यंत वाट मोकळी झाली. बाबांनी मान हलवली आणि काठी जागेवरच टेकवली.

"तुझ्यामागून आलोय मी," ते बुधनीला म्हणाले. "तू आधी."

बुधनी परत जागेवर आली. सरकलेलेही एकेक करून परत आले.

श्रीरंग त्यांच्या शेजारी उभा राहून विनवत होता. सावलीत चला, खुर्ची आणतो, निदान पाणी तरी घ्या. बाबा म्हणाले, आधी रांगेतल्यांना पाणी द्या. मांडवातून पाण्याचे जार आले. रांग पाणी प्यायली आणि मगच बाबांनी ओंजळ पुढं केली.

ही बातमी बाजारात पोचायला वेळ लागला नाही. दुकानं अर्धवट उघडी टाकून लोक मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले. पुन्हा मोबाइल वर झाले. विरोधकाची माणसंही आली, पण आज कुणी हसत नव्हतं. ऊन डोक्यावर चढलं, आणि बाबांच्या मागंही रांग वाढत गेली. रांगेतली माणसं सकाळी खाली माना घालून उभी होती. आता ती बाबांसारखी ताठ उभी राहिली. ती एकदम जास्त दिसायला लागली, असं श्रीरंगला वाटलं.

दीड तासानं बुधनीचा नंबर आला. तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं, सहा वर्षं म्हणाली. टेबलावरच्या कार्यकर्त्यानं ते खाली मान घालून लिहून घेतलं. ती निघाली, पण गेली नाही. चार पावलांवर थांबली.

मग बाबा पुढं आले. कार्यकर्ता उठून उभा राहिला आणि त्यानं पेन टेबलावर ठेवलं.

"मी नाही लिहीत," तो श्रीरंगला म्हणाला. "भाऊ, हे तुमीच करा."

श्रीरंग खुर्चीत बसला. समोर रजिस्टर होतं. त्यात रकाने होते ते त्यानं स्वतःच आखून दिलेले. नाव, मूळ गाव, पुरावा, किती वर्षांपासून इथे.

खिशातला कागद त्याला छातीशी जाणवत होता. तो काढून उंच धरला असता तरी पुरे होतं. मोबाइल समोरच होते. संध्याकाळपर्यंत पळसखेडचं नाव घरोघरी गेलं असतं, विरोधकाला तोंड लपवायला जागा उरली नसती, आणि चार दिवसांनी गुलाल त्याचाच होता. त्याचा हात खिशाकडे गेला.

बाबांनी ते पाहिलं.

श्रीरंगचा हात खिशावर थोडा वेळ तसाच राहिला… मग त्यानं तो खाली आणला आणि पेन उचललं.

"विचार," बाबा म्हणाले.

"बाबा…"

"सकाळपासून सगळ्यांना विचारलंस. मलाही विचार."

"नाव?" श्रीरंगनं विचारलं.

"मुरार."

"मूळ गाव?"

"सोडलं."

श्रीरंगनं लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

"पुरावा?"

बाबांनी खांद्यावरची झोळी काढली आणि रजिस्टरवर उलटी केली. तीत काहीच नव्हतं. अंबाडीचं एक पान तेवढं चिकटून आलं होतं, ते पडलं.

शेवटचा रकाना उरला होता. श्रीरंगला वर बघवेना. चाळीस, हा आकडा त्याला माहीत होता, सगळ्या गावाला माहीत होता, तरी विचारणं भागच होतं, कारण रकाना त्यानंच आखला होता.

"इथं… किती वर्षं झाली, बाबा?"

मुरारबाबांनी मांडवाकडे पाहिलं. टेबलाकडे पाहिलं. मागं पसरलेल्या रांगेकडे पाहिलं, आणि मग आपल्या शिष्याकडे.

"लिही, आजच आलो. कालपर्यंत इथं दुसरं गाव होतं."