इमामचाचांचं स्टेअरिंग

“उस्ताद, ज्या गाडीचं स्टेअरिंग मोटर फिरवते, तिच्या ड्रायव्हरला ड्रायव्हर म्हणायचं का?”

इमामचाचा बशीतून चहा पीत होते. पीतच राहिले.

विचारणारा सर्जेराव, त्यांच्याच हाताखाली गाडी शिकलेला चेला. गडी कसा, तर पैलवान. पण उजवा खांदा पार कामातून गेलेला. घास तोंडाशी न्यायचा तरी कळ यायची. डॉक्टर म्हणाले, वडिलांचा तो जुना ट्रक आता सोडा. लेक म्हणाली, आबा, बॅटरीवरचं पॉवर स्टेअरिंग बसवू, जुन्या गाडीलाही बसतं. तर हा म्हणतो कसा, त्यापरीस ट्रक भंगारात घालीन!

“बोला की, उस्ताद.”

चाचांनी बशीत उरलेला चहा ओतला.

“तुम्ही सत्तरी ओलांडलीत, तरी त्या जुनाट जीपनं घाट चढता. तुमच्या दंडात अजून बळ, आणि मी मोटरीचा टेकू घेऊ?”

चाचांनी खिशातली किल्ली काढून त्याच्यापुढं धरली.

“चल. घाटात फिरवून आण मला.”

सर्जेरावानं जीपच्या स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावला, अन् निघाला. घाटापर्यंत रस्ता नाकासमोर सरळ. मग घाटाचं पहिलंच वळण आलं. सवयीनं त्यानं दात आवळले, खांदा लावला आणि उसाची मोळी ओढावी तसं स्टेअरिंग ओढलं...

जीप गर्रकन फिरली ती थेट कडेच्या गवताच्या गंजीत!

चाचांच्या टोपीवर गवत, दाढीत गवत.

सर्जेराव पांढराफटक. “लागलं का, चाचा?”

“गवतच लागलं. गुदगुल्या होतायत.”

सर्जेरावानं दोन बोटांनी स्टेअरिंग हलवून पाहिलं. पाळण्यासारखं हललं. वाकून पाहतो, तर स्टेअरिंगच्या दांड्याला नारळाएवढी मोटर.

“ही कधी बसवलीत?”

“दिवाळीच्या आधी.”

“आणि मी गावभर तुमच्या दंडाचं कौतुक सांगत हिंडतोय!”

“बरं वाटायचं रे ऐकायला.”

सर्जेराव हसत सुटला. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. हात आपसूक खांद्याकडं गेला... एवढं वळण ओढूनही खांद्यात कळ आली नव्हती.

जीप मागं घेतली, रस्त्याला लावली. एका हातानं. तरी मनातलं कुसळ निघेना.

“खरं सांगा, उस्ताद. जोर लावायचा नाही, तर ड्रायव्हरनं करायचं काय?”

चाचांनी दाढीतली काडी काढली आणि तिनंच वरच्या दरडीकडं दाखवलं. काळीभोर करवंदं लगडली होती.

“सारी उमर या वळणावरनं गेलो, बेटा. इथं करवंदाची जाळी आहे, हे मला यंदा दिसलं.”