सारजाचा आग्रह

“उद्यापासून तुझ्या मळ्यात माझे शिकारी कुत्रे राहतील, केरोबा!”

भैरवराव महाराजांनी भर पंगतीत हे जाहीर केलं आणि म्हाताऱ्या केरोबाच्या हातातला कांदा गळून पडला.

कर्दळगडच्या राजवाड्याला भाजी पुरवणाऱ्या या माणसाचा गुन्हा एवढाच, की त्याच्या घरात तीन पिढ्या कुणी मांसाला शिवलं नव्हतं. शिकारीहून परतले की महाराज दरवर्षी मेजवानी देत. बोलावणं टाळलं तर अपमान, आणि गेलं तर पानात मटणाशिवाय काही नाही! केरोबा कांद्याला मीठ लावून खायचा आणि गुपचूप उठायचा. यंदा त्याची नजर अधू झाली होती, म्हणून लेक सारजा हाताला धरून घेऊन आली होती. नेमकं तेव्हाच महाराजांचं लक्ष त्या दोघांच्या रिकाम्या पानांकडे गेलं.

“अरे, नुसता रस्सा घे! फोडी बाजूला कर!” दिवाणजी म्हणाले.

“कोंबडी म्हणजे काय, उडती भाजीच!” सेनापती ओरडला.

पंगत खिदळली. महाराजांना चेव चढला. “बकरा जन्मभर पाला खातो. म्हणजे बकरा खाल्ला की पालाच खाल्ला! बोल, केरोबा!”

उत्तर सारजानं दिलं. “महाराज, आपण बकरा खाता. उद्या रानात वाघानं आपल्याला खाल्लं, तर वाघानंही पालाच खाल्ला म्हणायचं का?”

सेनापतीला ठसका लागला. महाराजांचे कान लाल झाले, आणि त्यावरच कुत्र्यांचा तो हुकूम सुटला.

केरोबा पाया पडायला वाकला. त्याला तसं वाकलेलं पाहून महाराजांना आणखी एक गंमत सुचली.

“पोरी, एक संधी देतो. उद्या दुपारी पुन्हा पंगत बसेल. तू माझ्या शेजारी बसायचं. माझ्या ताटात जे पडेल तेच, आणि जितक्यांदा पडेल तितक्यांदा, तुझ्या ताटात पडेल. घरून भाकरी आणायची नाही. वाढलेल्याला ‘नको’ म्हणायचं नाही. उपाशी उठायचं नाही. एवढं करून तुझं व्रत शाबूत राहिलं तर मळा तुमचा. नाहीतर कुत्र्यांचा!”

“‘नको’ म्हणायचं नाही, हा नियम फक्त मला?”

“पंगतीतल्या सगळ्यांना! मलासुद्धा! आम्ही काय तुमच्यासारखे निवडून खाणारे आहोत?”

घरी जाताना केरोबा रडकुंडीला आला. “दोन घास खाऊन टाक, पोरी. मळा वाचव. देव समजून घेईल.”

“देव घेईल, बाबा. पण तुम्ही इतकी वर्षं कांदा खाऊन गप्प बसलात, ते महाराजांनी कुठं समजून घेतलं?” सारजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी केरोबा दाराशी बसून राहिला आणि सारजा आत गेली. वाढप्यानं महाराजांच्या ताटात वाटीभर मटण ओतलं, मग सारजाच्या ताटात वाटी ठेवली. वासानं तिला गरगरलं. सगळी पंगत मान वळवून बघत होती.

सारजानं वाटी उचलली. “महाराज, आमच्यात पहिला मान यजमानाचा. माझ्या हातचं एवढं घ्या!” असं म्हणून तिनं ती अख्खी वाटी महाराजांच्या ताटात रिती केली.

महाराज हसत हसत तेवढं संपवून म्हणाले, “झालं? आता काय, उपाशी बसणार?”

“छे! महाराजांच्या ताटात आणखी एक वाटी पडली ना? मग माझ्याही ताटात पडायला हवी. वाढा हो!”

वाढपी घुटमळला. पण नियम महाराजांचाच! त्यानं वाढलं. सारजानं ती वाटीही उचलली.

“हेही घ्या, महाराज! लाजू नका!”

ताटात पडलं की वाढपी तिला वाढायचा, आणि तिला वाढलं की ती महाराजांना वाढायची. चौथ्या वाटीला महाराजांनी कमरपट्टा सैल केला. सहाव्या वाटीला त्यांच्या कपाळावरून घाम निथळू लागला.

“बकरा घ्या, महाराज, पालाच आहे! नाही जात? मग नुसता रस्सा घ्या, फोडी बाजूला करा!”

आठव्या वाटीला महाराजांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. “नको! बये, नको!”

वैद्यबुवा धावले. पोट दाबून पाहिलं आणि मटणाचं ताट हलवायला सांगितलं. “आज आता हिंग घातलेलं ताक आणि मऊ भात. बाकी सगळं बंद!”

महाराजांपुढे स्वच्छ ताटात वाफाळता भात आला. सारजापुढेही तसंच ताट आलं. महाराजांनी कसेबसे चार घास घेतले, बरं वाटलं म्हणून पुन्हा थोडा मागितला. सारजालाही पुन्हा मिळाला. तिनं तो ताकात कालवून चवीनं खाल्ला, बोटं चाटली आणि तृप्तीचा ढेकर दिला.

“महाराज, ही लबाडी आहे!” दिवाणजी उसळले. “हिनं मटण खाल्लंच नाही!”

“खायचं असं कुठं ठरलं होतं, दिवाणजी? ‘नको’ म्हणायचं नाही, एवढंच ठरलं होतं. मी एकदाही म्हटलं नाही. या पंगतीत ‘नको’ म्हणाले ते एकटे महाराज!” सारजा महाराजांकडे वळली. “आणि त्यात बिघडलं काय? पण महाराज ‘नको’ म्हणाले तर वैद्य धावले. माझे बाबा ‘नको’ म्हणाले तर कुत्रे!”

महाराजांचं पोट आधी थोडं हललं, मग गदगदलं, आणि ते एवढ्या मोठ्यानं हसू लागले की दोन्ही हातांनी पोट आवळून धरावं लागलं.

“अगं, हसवू नकोस, दुखतंय! दिवाणजी, लिहा सनद! मळा यांच्या नावे, पिढ्यान्‌पिढ्या! आणि आधी केरोबांना आत आणून माझ्या शेजारी बसवा. भात गरम आहे तोवर!”