सगुणेची रांजणवाडी

घनदाट रान जिथं संपतं आणि करवंदीच्या हिरव्यागार जाळ्या सुरू होतात, तिथं एका गवताच्या खोपटात इवलीशी सगुणा आईसोबत राहायची. मायलेकी पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायच्या. घरात कधी भाकरी असे, कधी नुसतीच पेज. तरी दारातल्या चिमण्यांना सगुणा आपल्यातले चार दाणे टाकीच.

एके सकाळी तिचा डावा डोळा उघडेना. पापणीवर गुंजेसारखी लालबुंद रांजणवाडी उठली होती. ठणका असा, की घळाघळा पाणी येई. अर्धं जग जणू कुणी पुसून टाकलं होतं. डावीकडून कोंबडी आली तरी सगुणा दचके.

"आई, मी आंधळी होणार का गं?"

आईनं तिला जवळ घेतलं आणि पदरानं डोळ्याचं पाणी टिपलं.

शेजारची कोंडाकाकू मायाळू, पण भारी घाईची. ती बाभळीचा लांबलचक काटा घेऊन आली. "एवढंसं तर आहे. टोचते नि पिळून काढते, मोकळी होशील."

काट्याचं टोक डोळ्यापाशी लकाकलं. सगुणा काकूच्या हातून निसटली आणि रानात पळाली.

रानात सोनेरी कवडसे नाचत होते, पण तिच्या डाव्या बाजूला नुसता अंधार. त्या अंधारात काहीतरी सळसळलं. सगुणा जागीच थबकली. मग कुणाचं तरी बारीक मुसमुसणं ऐकू आलं.

तेरड्याच्या गुलाबी झुपक्यात बोटाएवढी एक परी बसली होती. पंख आभाळी, झगा मोरपंखी, आणि एका पापणीवर मोहरीएवढी लाल रांजणवाडी.

"भिऊ नकोस," परी म्हणाली, पण ती स्वतःच थरथरत होती. "या डोळ्यानं मला काटे दिसत नाहीत. उडताना पंख फाटला, तर मी विरून जाईन."

तिच्या ओंजळीत दवाचा एक चमचमता थेंब होता. "हे मागणं आहे, बोलशील ते खरं होतं. घे, तुला देते. पण त्याचे नियम आहेत. परीला स्वतःसाठी मागता येत नाही. आणि ते एकाच डोळ्याचं दुखणं घेतं."

सगुणेला काकूचा काटा आठवला. 'माझा' एवढंच तर म्हणायचं होतं. तिनं परीच्या नाजूक पंखांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "हिचा डोळा बरा होऊ दे."

थेंब विरला. परीचा डोळा टपोऱ्या चांदणीसारखा उघडला. सगुणा मात्र भीतीनं रडू लागली.

"माझ्याकडची जादू संपली," परी म्हणाली, "पण उपाय ठाऊक आहे. रांजणवाडी फोडायची नाही, पिळायची नाही. हात धुवायचे. स्वच्छ फडकं कोमट पाण्यात भिजवून मिटल्या पापणीवर हलकेच ठेवायचं, दिवसातून पुन्हा पुन्हा. तू बरी होईस्तोवर मी जाणार नाही."

परी तिच्या केसांत लपली आणि सगुणा घरी परतली. दारात काकू काटा घेऊन उभीच होती.

"काकू, टोचू नकोस. मला शेकू दे," सगुणा कशीबशी म्हणाली.

आई पुढे झाली. "राहू द्या, कोंडाबाई. लेक भ्यालीय माझी." तिनं चुलीवर पाणी ठेवलं. काकू घुटमळली. मग काटा टाकून घरी गेली आणि जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा उकळून घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी रांजणवाडी आणखीच फुगली. तिचं बोट आपोआप पापणीकडे गेलं.

"धीर धर," कानाशी किणकिण झाली. सगुणेनं बोट मुठीत दाबून धरलं. आईनं पुन्हा शेक दिला.

आणि एका सकाळी रांजणवाडी आपोआप फुटून वाहून गेली. ठणका ओसरला. आईनं पापणी अलगद पुसली आणि सगुणेनं डोळे उघडले. दोन्ही! पळसाची पानं हिरवी, आईचं हसू पांढरंशुभ्र, चुलीतला निखारा केशरी.

परी उंबऱ्यावरच्या उन्हात उभी होती.

"स्वतःच्या आधी तू माझ्या डोळ्यासाठी मागितलंस," ती म्हणाली. "आता मी निघते, सगुणा."

तिचे पंख उजळले, झगा उजळला, आणि परी उन्हात उन्हासारखी मिसळून गेली. सगुणा डोळे भरून त्या उजेडाकडे बघत राहिली. आता तिला कुठल्याच बाजूला अंधार दिसत नव्हता.