कोनशिलेची मागची बाजू

पडक्या वास्तू सावरण्यात वास्तुरचनाकार अनसूया केळुसकरांचे केस पिकले होते, पण कुंभेरी गावच्या बारवेत, त्या पायऱ्यांच्या विहिरीत उतरताना त्यांचाही पाय जड होई. मागच्या दुरुस्तीत घाईघाईने सिमेंट फासलेली भिंत आत पाणी कोंडून फुगली होती आणि पाण्याला आलेल्या द्वारकाबाईच्या अंगावर कोसळली होती. द्वारकाबाई त्यातून वाचली नाही. म्हणून या खेपेला अनसूयाबाईंनी ओल बाहेर पडू देणारा, पण मुरायला महिने घेणारा चुना भिजत घातला होता.

पालकमंत्री विश्वंभरराव आले ते उद्घाटनाची कोनशिला गाडीत घालूनच. संगमरवरावर त्यांचं नाव होतं, पुढच्या महिन्याची तारीखही होती.

"बाई, चुन्याची वाट कोण बघत बसतो? सिमेंट मारा. तारीख दगडावर कोरलीय, ती आता हलायची नाही."

भोवतीच्या मंडळींनी माना डोलावल्या. अनसूयाबाई पडलेल्या भिंतीच्या ढिगाऱ्याकडे गेल्या. तिथली एक संगमरवरी फरशी त्यांनी आणली आणि पदराने पुसून मंत्र्यांपुढे ठेवली. तीही कोनशिलाच होती, आधीच्या मंत्र्यांची.

"यांनाही घाई होती, साहेब. भिंतीबरोबर हीही खाली आली. तुम्ही म्हणत असाल तर मारते सिमेंट. फक्त तुमच्या दगडाची मागची बाजू कोरी राहू द्या. पुढच्या मंत्र्यांना ती कामी येईल."

विश्वंभररावांनी भिंतीतल्या भगदाडात वाकून पाहिलं.

"चुनाच लावा," ते म्हणाले.

काम व्हायला दोन हिवाळे लागले. शेवटी विश्वंभररावांनी स्वतःच आपला दगड उलटा करायला लावला. आज त्या कोऱ्या बाजूवर एकच नाव आहे, द्वारकाबाईचं.