बांधावरची माती

मला एक सांगा. शेताला भूक लागली आहे की नाही, हे कुणाला विचारावे? खत विकणाऱ्याला, बांधापलीकडच्या शेजाऱ्याला, की त्या शेतात राबणाऱ्या मालकाला? कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा? घाईने उत्तर देऊ नका. आधी केरबाची गोष्ट ऐका.

नदीकाठच्या एका गावात केरबा नावाचा शेतकरी राहत होता. जमीन काळीभोर, पाटाचे पाणी बारमाही. त्याचा ऊस असा जोमाचा, की लागणीचा हंगाम आला म्हणजे सारा गाव बेणे, म्हणजे लावायच्या उसाची कांडी, न्यायला त्याच्याच मळ्यात येई. गावाची एक रीत होती. बेण्याची मोळी देताना मालकाने त्याच फडातली मूठभर माती उचलायची, घेणाऱ्याच्या पदरात किंवा उपरण्यात टाकायची आणि म्हणायचे, "ही माती साक्षीला आहे." घेणारा ती माती नेऊन आपल्या रानात मिसळी. त्या एका मुठीवर केरबाचा जीव होता. गावात त्याला नावाने कुणी हाक मारीत नसे. 'बेणेवाले' म्हटले की पुरे.

केरबात खोट एकच. त्याला स्वस्थ बसता येत नसे. जेवायला बसला तरी एक कान रस्त्याकडे. शेजाऱ्याच्या बांधावर खताची गाडी थांबली की ह्याचा घास हातात राही. शेजाऱ्याने एक पोते टाकले तर ह्याने दोन टाकावीत. त्याची बायको हौसा म्हणे, "अवं, त्या रानाला ढेकर तरी देऊ द्या."

केरबाचे म्हणणे असे, की पाटाचे एवढे पाणी रानातून वाहते, तर खतही त्याच्याबरोबर वाहून जात असणार. ह्यात अर्धे खरे होते, आणि अर्धे खरे हे सबंध खोट्यापेक्षा महाग पडते. युरिया पाण्याबरोबर जातो. पण डीएपी खतातला स्फुरद जात नाही. तो मातीला धरून बसतो. पिकाने खाल्ला तेवढा गेला, उरला तो तिथेच. दर साली त्यावर नवा थर. वरून बघावे तर काहीच दिसत नाही.

एका साली उसावर केवडा पडला. कोवळी पाने पिवळी झाली, मग पांढुरकी. केरबाच्या पायांना भिंगरी लागली. त्याला वाटले, रान उपाशी आहे. त्याने डीएपी टाकले. पाने आणखी पांढरी झाली. तो गाडी जुंपून पुन्हा गुरलिंगशेठच्या खताच्या दुकानी गेला.

हा गुरलिंगशेठ पक्का व्यापारी. धान्याच्या पेढीवर हमाली करत करत धंदा शिकलेला. तो नेहमी सांगे, की पोत्याच्या तोंडचे दाणे सगळ्यांचेच चांगले असतात. शहाणा माणूस पोत्यात नळी खुपसून पोटातले दाणे काढतो आणि मग भाव बोलतो. केरबाने पोती मागितली तेव्हा शेठने त्याला आधी चहा पाजला, गुरांची चौकशी केली आणि मग सांगितले, की आधी रानातली माती आण. तालुक्याला धाडू, तपासून घेऊ. तोवर पोते मिळायचे नाही.

"शेठ, गिऱ्हाईक परत धाडताय?" केरबा म्हणाला.

"तुझं रान गेलं तर पुढच्या साली पोतं कुणाला विकू?" शेठ म्हणाला.

केरबा घरी आला. वाटेत त्याने विचार केला. मातीत स्फुरद कमी निघाला तर पोती मिळणार, जास्त निघाला तर हात बांधले जाणार. आणि हात बांधून बसणे हेच त्याला जमत नव्हते. तो फडात उतरलाच नाही. पाट खणताना निघालेला तांबूस भर बांधावर पडून होता. त्या भराला जन्मात कधी खत लागले नव्हते. त्यातली माती त्याने पिशवीत भरली आणि शेठला नेऊन दिली.

तपासणीचा निकाल आला: स्फुरद फार कमी. शेठने कपाळाला आठी घातली, पण कागदापुढे काय बोलणार? त्याने पोती दिली. केरबाने ती त्याच दिवशी रानात टाकली. मनासारखे झाले होते, तरी त्याला चैन पडेना. सकाळी फडाकडे जाई, बांधापर्यंत पोचे, तिथला उकरलेला खड्डा दिसला की मागे फिरे. हौसाने विचारले तर पाण्याची पाळी बघायला गेलो होतो म्हणे. उसाची कांडी आखूड राहिली. नवा ऊस ज्यातून फुटतो ते डोळे बारीक पडले.

लागणीचा हंगाम आला. सवयीने गाव मळ्यात जमला. रस्त्याकडेच्या दोन सऱ्या त्यातल्या त्यात बऱ्या होत्या. लोकांनी तेवढ्याच पाहिल्या. रांगेत सगळ्यांत पुढे गोदाक्का. तिची जमिनीची एकच पट्टी होती आणि त्या पट्टीवरच तिचे घर चाले. तिने पदर पसरला.

केरबा वाकला. त्याने फडातली माती मुठीत घेतली. काळी, थंड माती. आता म्हणायचे होते, ही माती साक्षीला आहे. शब्द ओठांपर्यंत आले आणि अडले. जिला साक्षीला बोलवायचे, तिला त्याने कधी काही विचारलेच नव्हते. साक्ष द्यायला बांधावरची माती धाडली होती.

"का रं, मोळी बारीक बांधलीस व्हय?" गोदाक्का म्हणाली. लोक हसले.

केरबाने मूठ सोडली नाही. "गोदाक्का," तो म्हणाला, "पदर मागं घे. ह्या बेण्यानं तुझी पट्टी बुडंल."

मग त्याने सगळ्यांदेखत सगळे सांगितले. केवडा, पोती, बांधावरचा खड्डा. कुणी म्हणाले, मग आम्ही काय एरंड लावायचा? कुणी म्हणाले, बेणेवाले आता माती विकतील. त्या साली गावाने परगावाहून बेणे आणले. केरबाला कुणी बेणेवाले म्हटले नाही. नावानेही हाक मारली नाही.

तो पुन्हा फडात उतरला. वेड्यावाकड्या चालीने सारे रान फिरला, ठिकठिकाणी वीतभर खोल माती काढली, गोणपाटावर मिसळली आणि त्यातली पिशवीभर शेठकडे नेली. शेठने रागाचा शब्द काढला नाही. माती बोटांनी चोळली आणि म्हणाला, "आज पोत्याचं पोट दाखवलंस."

ह्या वेळचा निकाल उलटा होता. स्फुरद इतका साठला होता, की पुढची कैक वर्षे टाकायची गरज नव्हती. त्या ढिगाने लोह अडवून धरले होते, म्हणून पाने पांढरी पडत होती. शेठने त्याला पंगतीचा दाखला दिला. पानभर लाडू वाढले, म्हणून मीठ वाढायला जागा उरली नाही. जेवणारा उपाशी नव्हता, अळणी जेवत होता. औषधही साधे होते: शेणखतात मुरवलेली, लोह पुरवणारी हिराकस द्यायची, ताग पेरून फुलायच्या आधी गाडायचा, आणि डीएपी बंद.

"आणि स्वस्थ बसायचं," शेठ म्हणाला. "त्याचं पोतं माझ्याकडं मिळत नाही."

खरी कसोटी तिथून पुढे होती. शेजाऱ्याची गाडी वाजली की केरबा उठे, अंगणात येई, पुन्हा बसे, पुन्हा उठे. हौसाने त्याच्या हातात घायपाताचा वाख दिला आणि दावी वळायला बसवले. काही दिवसांत घरात जनावरांपेक्षा दावी जास्त झाली. पण पोते आले नाही. रान हळूहळू भानावर आले. आधी नवी पाने हिरवी धरली, मग पुढच्या लागणीला कांडी लांबली, डोळे टपोरे झाले.

हंगाम आला तेव्हा केरबाने कुणाला बोलावले नाही. सकाळी बांधावर गोदाक्का उभी होती. ती सरळ फडाच्या मध्यावर गेली, ऊस मोडून पाहिला, डोळ्यांवरून अंगठा फिरवला. मग केरबापुढे येऊन उभी राहिली. पदर मात्र पसरला नाही.

"मूठ उघड," ती म्हणाली. "आता बघूनच घेते."

केरबाने फडातली माती उचलून तळहात उघडा धरला. गोदाक्काने चिमूटभर चोळली, वास घेतला, आणि मग पदर पसरला. रस्त्यावर कुणाची तरी गाडी खडखडत गेली. केरबाची मान अर्धी वळली, पण पाय जागचा हलला नाही.

"ही माती साक्षीला आहे, गोदाक्का."

"आता आहे खरी, बेणेवाले," ती म्हणाली.

तर विश्वास कुणावर ठेवावा? विकणाऱ्याला विकायचे असते, शेजाऱ्याला मिरवायचे असते आणि मालकाला धीर नसतो. जो आपल्या तोट्याचेही खरे सांगतो, त्याच्या शब्दावर ठेवावा. आणि असे सांगणारा माणूस मिळेपर्यंत मातीलाच विचारावे, पण तिच्या पोटातून.

तात्पर्य: आधी काय साठले आहे हे न पाहता जो वरून भर घालत राहतो, तो भरल्या घरात उपाशी राहतो, म्हणून बाबांनो, मातीत काय घातले, तिने काय परत दिले आणि आत काय उरले, एवढा हिशेब खरा ठेवा, मनाला न आवडणारा असला तरी.